गटारांचं मॉडेल: पाण्याचा हिशोब लावत लावत

मी पहिल्यांदा संगणकावर गटारांचं मॉडेल चालवलं तेव्हा सगळं जाळं कोरडं निघालं. एका तासात ६० मिलिमीटर पाऊस टाकला होता आणि एकही मॅनहोल भरत नव्हतं. मी खूश झाले. ‘सध्याचे पाइप पुरेसे आहेत’ असं अहवालात लिहायलाही घेतलं. सरांनी मागून येऊन पडद्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “पाणी कुठे गेलं?”

मला उत्तर देता येईना. रिपोर्ट उघडला तर एकूण पाऊस ५ मिलिमीटर. माझे आकडे होते ‘दर पाच मिनिटांत किती मिलिमीटर पडला’ याचे आणि सॉफ्टवेअरला मी सांगितलं होतं की ही तीव्रता आहे, मिलिमीटर प्रति तास. तासात पाच-पाच मिनिटांचे बारा तुकडे असतात, म्हणून पाऊस बरोब्बर बारा पट कमी झाला होता. सॉफ्टवेअरने चूक केली नव्हती. मी दिलेल्या पावसाचा हिशोब त्याने चोख केला होता.

तेव्हापासून प्रत्येक पायरीला मी हाच प्रश्न विचारते आणि नव्याने शिकणाऱ्यांनाही त्याच क्रमाने शिकवते. खाली लिहिलेलं सगळं अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) ‘एसडब्ल्यूएमएम’ या सॉफ्टवेअरला धरून आहे. बोलताना सगळे त्याला ‘स्विम’ म्हणतात. १९७१ सालचं आहे, फुकट मिळतं आणि त्याचा कोडही खुला आहे. तुमच्याकडे विकतचं, चकाचक पडद्याचं दुसरं काही असेल तर बटणं वेगळी असतील, पण पाणी तेच.

आधी कागद

संगणक सुरू करण्याआधी अर्धा तास कागदावर घालवा. एक आकडा पाठ करून ठेवा: एक हेक्टरवर ताशी ३६ मिलिमीटर पाऊस पडला आणि थेंबही न मुरता सगळा वाहून आला, तर सेकंदाला १०० लिटर होतात. (दहा हजार चौरस मीटर गुणिले ३६ मिलिमीटर म्हणजे तासाला ३६० घनमीटर. करून बघा.) निम्मंच पाणी वाहत असेल तर ५०. पाऊस दुप्पट असेल तर दुप्पट. एवढ्यावर कुठल्याही वस्तीचा ढोबळ अंदाज तोंडी येतो.

दुसरा आकडा पाइपचा. ६०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीटचा पाइप, उतार २०० मीटरला एक मीटर, पाइपचा खडबडीतपणा सांगणारा मॅनिंगचा ‘एन’ ०.०१३. भरून वाहताना वेग साधारण दीड मीटर प्रति सेकंद आणि प्रवाह ४३० लिटरच्या आसपास. आता दहा हेक्टर पक्क्या बांधकामाचं पाणी या पाइपात येतंय आणि मॉडेल म्हणतंय ‘काही अडचण नाही’, तर चूक शोधायला लागा. या दोन आकड्यांनी माझी जितकी फजिती वाचवली तितकी कुठल्याही मॅन्युअलने वाचवली नसेल.

कागदावरच जाळ्याचा सांगाडा काढा: मुख्य वाहिनी, मोठ्या शाखा, पंप कुठे, शेवटी पाणी कुठे पडतं. घराघरातून येणारा प्रत्येक १५० मिलिमीटरचा पाइप मॉडेलमध्ये हवाच असं नाही. नवशिके लोक सगळं काढत बसतात आणि मग आठशे तुकड्यांतला कोणता बिघडलाय ते सापडत नाही. माझं मत विचाराल तर आधी चाळीस-पन्नास नोडचं (मॅनहोल किंवा तसे जोडबिंदू) मॉडेल चालतं करा, नंतर फांद्या जोडा.

मॅनहोल आणि पाइप

सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर पहिलं काम एकक ठरवणं. सुरुवातीला ते घनफूट प्रति सेकंदावर असतं. लिटर किंवा घनमीटर निवडा आणि मगच आकडे भरा. नंतर एकक बदललं तरी आधी भरलेले आकडे आपोआप बदलत नाहीत. चारशे फुटांचे चारशे मीटर होतात, तेही गुपचूप.

सॉफ्टवेअरची एक खोड लक्षात ठेवा. नवा पाइप काढला की लांबी ४०० आणि खडबडीतपणा ०.०१, तर नवं पाणलोट (एका मॅनहोलला पाणी देणारा जमिनीचा तुकडा) काढलं की क्षेत्रफळ ५ आणि रुंदी ५०० असे आकडे त्यात आधीच बसलेले असतात. दुसऱ्याचं मॉडेल हातात आलं की मी पहिल्यांदा तक्त्यात हेच आकडे शोधते. लांबी ४०० असलेले वीस पाइप सापडले तर समजायचं की नकाशा काढून झालाय, भरायचं राहिलंय.

प्रत्येक मॅनहोलला दोन पातळ्या लागतात: तळाची, म्हणजे इन्व्हर्ट लेव्हल, आणि झाकणाची. सॉफ्टवेअर झाकणाची पातळी थेट विचारत नाही, ‘कमाल खोली’ विचारतं. ती शून्य सोडली तर सगळ्यात उंच जोडलेल्या पाइपच्या माथ्यापर्यंतच मॅनहोल आहे असं ते धरतं. मग पाइप जरा भरून वर दाब आला की लगेच पूर दाखवतं, प्रत्यक्षात झाकण दोन मीटर वर असलं तरी. झाकण बोल्टने घट्ट बसवलेलं असेल तर त्यासाठी ‘सर्चार्ज डेप्थ’ हा वेगळा रकाना आहे, तिथे भर घाला.

एक शाखा भरून झाली की तिचा लांबछेद, म्हणजे बाजूने दिसणारं उभं चित्र बघा, सगळं जाळं भरून होईपर्यंत थांबू नका. लांबछेदात चूक डोळ्याला टोचते. एखादा तळ करवतीच्या दातासारखा वर-खाली, पाइपचा माथा जमिनीच्या वर, ९०० मिलिमीटरच्या पाइपनंतर अचानक ४५०. यातलं बरंच काही टायपिंगचं असतं. पण सगळंच नाही, आणि इथे घाई करू नका. उलट उताराचा पाइप दिसला म्हणून आकडा ‘सरळ’ करणारी मुलं मी पाहिली आहेत. जमिनीखाली खरोखर उलट उताराचे पाइप असतात. खचलेले असतात, घातले तेव्हाच चुकलेले असतात. तुम्ही ज्या तुंबण्याचं कारण शोधताय ते कदाचित तेच असेल आणि तुम्ही ते माउसने पुसून टाकलंत.

दोन वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे आकडे एकत्र करत असाल तर दोन्हींचा बेंचमार्क (जिथून उंची मोजली तो संदर्भबिंदू) एकच आहे ना, हे आधी विचारा. एका कामात आमच्या जाळ्याचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्यापेक्षा सव्वा मीटर उंच निघाला होता. जोडाच्या जागी मॉडेलमध्ये सुंदर धबधबा.

जागेवर गेल्याशिवाय हे काम होत नाही. नकाशात असलेलं मॅनहोल डांबराखाली गेलेलं असतं, नकाशात नसलेला पाइप बाजूने येऊन मिळालेला असतो. पण एक सांगून ठेवते: झाकण उघडलं की आत डोकं घालायचं नाही, उतरायचं तर अजिबात नाही. हायड्रोजन सल्फाइडचा वास जोरात आला की धोका कळतो असं लोकांना वाटतं. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. खोली वरून मोजकाठीने (लेव्हलिंग स्टाफ) किंवा टेपने मोजा, फोटो काठीला कॅमेरा लावून काढा. आत उतरायचं काम गॅस मोजणारं यंत्र, हवा पुरवठा, दोर आणि वर माणसं असलेल्या प्रशिक्षित लोकांचं.

पाणलोट आणि ती बदनाम ‘रुंदी’

जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचं पाणी कुठल्या मॅनहोलला जातं ते सांगायचं. क्षेत्रफळ, उतार आणि पक्क्या पृष्ठभागाची टक्केवारी सरळ आहे. अडतं ते रुंदीपाशी, कारण जमिनीवर तशी रुंदी कुठेच आखलेली नसते.

ती अशी समजून घ्या. सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याला एक तिरपी फळी समजतं. फळीवरून पाणी पातळ थरात घरंगळत खालच्या कडेला येतं. त्या कडेची लांबी म्हणजे रुंदी. समजा २०० मीटर लांबीचा रस्ता आहे आणि दोन्ही बाजूंनी ५० मीटरपर्यंतचं पाणी त्यावर उतरतं. क्षेत्रफळ दोन हेक्टर. पाण्याची जमिनीवरची वाट ५० मीटर. दोन हेक्टरला ५० ने भागा, ४०० मीटर आले. रस्त्याच्या दोन्ही कडा मिळून ४००, म्हणजे जुळलं. रुंदी वाढवली की पाणी लवकर येतं आणि प्रवाहाचं शिखर उंच होतं. कमी केली की उशिरा आणि बसकं. एकूण पाणी मात्र फारसं बदलत नाही.

पक्क्या पृष्ठभागाबाबत एक फरक करा. छपराचं पाणी थेट गटारात जातंय की हिरवळीवर पडतंय? दोन्ही ठिकाणी छप्पर तेवढंच पक्कं, पण गटारात येणारं पाणी वेगळं. उपग्रहाच्या चित्रावरून काढलेली टक्केवारी जशीच्या तशी भरली की मॉडेल नेहमी जास्त पाणी दाखवतं, ते यामुळेच. पक्क्या जागेचं पाणी आधी हिरवळीवर वळवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, ती वापरा.

खळग्यांत अडकणाऱ्या पाण्यासाठी पक्क्या जागेला एक ते अडीच मिलिमीटर आणि हिरवळीला अडीच ते पाच पुरे. मुरण्यासाठी हॉर्टन, ग्रीन-अँप्ट किंवा कर्व्ह नंबर यांतली कोणतीही पद्धत घ्या. दाट वस्तीत यावर आठवडाभर वाद घालण्यात अर्थ नाही, तिथे मुरायला जागाच कुठे असते!

पाऊस

माझी बारा पटीची गोष्ट सांगितलीच. पर्जन्यमापकाच्या रकान्यात तीन पर्याय असतात: तीव्रता, त्या वेळेतला पाऊस, किंवा सुरुवातीपासूनची बेरीज. तुमचे आकडे यांतले कोणते ते बघून निवडा आणि चालवल्यावर रिपोर्टमधला एकूण पाऊस तुमच्या बेरजेशी ताडून बघा. दहा सेकंदांचं काम.

वेळेचा तुकडाही महत्त्वाचा. तासाभरात ३० मिलिमीटर पडला, ठीक. पण त्यातले १० मिलिमीटर पाच मिनिटांत कोसळले असतील तर त्या पाच मिनिटांची तीव्रता ताशी १२० आहे. छोट्या वस्तीचं पाणी दहा-पंधरा मिनिटांत पाइपापाशी पोचतं. तिथे तासाची सरासरी दिली तर जो तडाखा मोजायचा तोच सपाट होऊन जातो. म्हणून पाच मिनिटांचे आकडे मागा. नाहीच मिळाले तर निकालावर तसं ठळक लिहा.

सांडपाण्याची वाहिनी असेल तर

इथे पाऊस नंतर, आधी कोरड्या दिवसाचा प्रवाह. लोकसंख्या, माणशी पाणीवापर आणि त्यातला किती भाग गटारात परत येतो, यावरून सरासरी. तिच्यावर चोवीस तासांचा साचा: सकाळी उसळी, दुपारी उतार, संध्याकाळी पुन्हा थोडी चढण. सुट्टीच्या दिवसाचा साचा वेगळा ठेवा, सकाळची उसळी त्या दिवशी उशिरा येते.

रात्री तीनच्या सुमाराचा मोजलेला प्रवाह नीट बघा. त्या वेळी फारसं कुणी पाणी वापरत नाही, तरी पाइप वाहत असेल तर त्यातलं बरंचसं सांध्यांतून झिरपून आलेलं भूजल आहे. आणि पाऊस पडल्यावर सांडपाण्याचा प्रवाह फुगत असेल तर छपराचे पाइप किंवा फुटकी मॅनहोलं त्यात पाणी ओतताहेत. हे दाखवायला ‘आर-टी-के’ पद्धत आहे. आर म्हणजे पावसाचा किती भाग वाहिनीत शिरला, टी म्हणजे शिखर किती तासांनी आलं, के म्हणजे ओसरायला शिखराच्या वेळेच्या किती पट लागले. असे तीन त्रिकोण एकावर एक रचायचे: एक झटपट, एक मध्यम, एक दिवसेंदिवस रेंगाळणारा. पहिला त्रिकोण मोठा निघाला तर चुकीच्या जोडण्या शोधा, तिसरा मोठा निघाला तर गळके सांधे.

चालवणं

प्रवाह मोजायच्या पद्धतींत ‘कायनेमॅटिक वेव्ह’ आणि ‘डायनॅमिक वेव्ह’ असे दोन मुख्य पर्याय दिसतील. पहिली पद्धत लवकर चालते, पण तिला पाणी फक्त पुढेच जातं असं वाटतं. खालून येणारा फुगवटा (पुढे अडल्याने मागे चढणारं पाणी), उलटा प्रवाह, दाबाखालचा पाइप हे तिला कळत नाही. त्यातून आणखी एक फसवणूक होते: वरचा पाइप भरला की जास्तीचं पाणी तिथेच अडतं, आणि खालचे पाइप निवांत दिसतात. तुंबणं तपासायचं असेल तर डायनॅमिकच घ्या. त्यात वाहत्या पाण्याची १८७१ सालची सां-व्हेनांची समीकरणं पूर्ण सुटतात.

त्याची किंमत म्हणजे वेळेची छोटी पावलं, दर थोड्या सेकंदांनी नवा हिशोब. पाण्याची लाट एका पावलात पाइपचं दुसरं टोक ओलांडून जाता कामा नये. वरच्याच ६०० मिलिमीटरच्या पाइपात वेग दीड मीटर आणि लाटेचा वेग साधारण २.४, मिळून जवळपास चार मीटर प्रति सेकंद. पाइप ६० मीटरचा असेल तर १५ सेकंदांचं पाऊल चालेल. पण त्याच जाळ्यात कुणी ४ मीटरचा जोडपाइप काढला असेल तर पाऊल एका सेकंदावर येतं. म्हणून असे चिमुकले तुकडे शेजारच्या पाइपात विलीन करा. मी सहसा एक ते पाच सेकंदांत ठेवते.

आलेख करवतीसारखा दातेरी आला तर तो पाऊस नाही, गणित डळमळतंय. कारण बहुतेकदा याच आखूड पाइपांत किंवा पंपाशी असतं. पंप साध्या मॅनहोलमधून उपसतोय असं दाखवलं की तिथे साठवणच नसते. पंप सुरू झाला की एका क्षणात कोरडं, बंद झाला की भरलेलं. पंपाची विहीर ‘स्टोरेज’ म्हणून तिच्या खऱ्या क्षेत्रफळानिशी काढा आणि सुरू-बंदच्या पातळ्यांत अंतर ठेवा.

मग रिपोर्टमधली ‘कंटिन्यूइटी एरर’. आत आलेलं, बाहेर गेलेलं आणि साठलेलं यांचा ताळा. दहा टक्क्यांवर गेली तर निकाल टाकून द्या. माझ्या टेबलावरून एक टक्क्याच्या वरचं मॉडेल पुढे जात नाही. एकूण आकडा छोटा असला तरी कोणत्या नोडवर सर्वात जास्त चूक आहे याची यादी खाली असते, ती वाचाच. एका नोडची अधिक आणि दुसऱ्याची उणे मिळून शून्य होऊ शकते.

ताळा जुळला म्हणून पाणी सापडलं असं मात्र समजू नका. मॅनहोलमधून वर आलेलं पाणी सॉफ्टवेअर जाळ्याबाहेर टाकतं आणि ‘पुरात गेलं’ म्हणून खात्यात लिहितं. हिशोब जुळतो, पाणी गायब होतं आणि खालच्या वस्तीला ते कधी पोचतच नाही. पाणी रस्त्यावर साठून पाइप रिकामा झाल्यावर परत आत जात असेल तर ‘अलाउ पाँडिंग’ सुरू करा आणि प्रत्येक नोडला साठण्याचं क्षेत्रफळ द्या. क्षेत्रफळ शून्य असेल तर नुसती खूण करून उपयोग नाही. आणि रस्ता उताराचा असेल तर पाणी साठणार नाही, पुढच्या चौकात जाईल. तिथे रस्त्यालाच उघडा नाला म्हणून पाइपच्या वर दुसरं जाळं काढावं लागतं. काम वाढतं, पण पूर कुठे येतो याचं उत्तर त्याशिवाय खरं निघत नाही.

शेवटच्या तोंडाशीही असंच. नदीत किंवा समुद्रात उघडणाऱ्या पाइपला ‘फ्री’ ठेवलं की पाणी मोकळं पडतं. भरतीच्या वेळी तोंड बुडत असेल तर भरती-ओहोटीची पातळी द्या. शिखर आणि भरती एकाच वेळी आली तर काय, हे वेगळं चालवून बघा. झडप असेल तर ती आहे असं सांगा, नाहीतर मॉडेलमध्ये समुद्र आत शिरतो.

मोजलेल्याशी जुळवणं

पाइपात काही आठवडे खोली आणि वेग मोजणारी यंत्रं बसवा. आकडे आले की आधी यंत्रावरच संशय घ्या: खोली आणि वेग एकमेकांसमोर मांडून ठिपके बघा. मोकळ्या वाहत्या पाइपात ते एका वळणावर बसतात. खोली वाढतेय आणि वेग घटतोय असं दिसलं तर खालून फुगवटा आहे. ठिपके विखुरलेले असतील तर सेन्सरवर कचरा अडकलाय.

जुळवायचा क्रम माझ्यापुरता ठरलेला आहे. आधी एकूण पाणी, त्यासाठी पक्क्या पृष्ठभागाची टक्केवारी. मग शिखर आणि वेळ, त्यासाठी रुंदी. शेवटी रेंगाळणारी शेपटी, त्यासाठी मुरणं आणि भूजल. निदान तीन वेगवेगळे पाऊस घ्या आणि आणखी एक बाजूला ठेवा. मॉडेल जुळवल्यावरच तो चालवून बघायचा.

ब्रिटनमध्ये ‘वापग’ या सांडपाणी नियोजन करणाऱ्यांच्या गटाची जुनी मार्गदर्शिका पावसाच्या वेळच्या शिखराला २५ टक्के वर आणि १५ टक्के खाली, तर एकूण पाण्याला २० वर आणि १० खाली इतकी सूट देत असे. दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे मला आवडतं. कमी दाखवण्याची चूक जास्त महागात पडते.

एका मुलीने एकदा पाण्याची पातळी जुळावी म्हणून काँक्रीटच्या पाइपचा ‘एन’ ०.०१३ वरून ०.०२५ केला. आलेख इतका छान बसला की तिने तो छापून भिंतीवर लावला. मी विचारलं, पाइपच्या आत काय आहे? झाकण उघडून वरून काठी टाकली तर दीडशे मिलिमीटर गाळ. ‘एन’ पुन्हा ०.०१३ केला आणि पाइपचा आकार ‘फिल्ड सर्क्युलर’ (तळाशी भरलेला गोल पाइप) करून गाळाची खोली भरली. पातळी जुळलीच, शिवाय गाळ काढला तर किती फरक पडेल हे सांगता आलं. वाढवलेल्या ‘एन’वरून ते कधीच कळलं नसतं.

असले सगळे आकडे कुठून आले हे फाइलमध्येच लिहा. प्रत्येक नोडला आणि पाइपला ‘टॅग’चा रकाना असतो. मी तिथे तीनच शब्द वापरते: मोजलं, नकाशा, अंदाज. नकाशावर टॅगप्रमाणे रंग दिले की कुठल्या भागाच्या निकालावर हात ठेवून बोलता येईल ते एका नजरेत दिसतं. अंदाजाचे पाइप नेमके पुराच्या जागेजवळ गोळा झाले असतील तर निकाल कुणाला पाठवू नका. आधी सर्व्हेअरला फोन करून त्या मॅनहोलांच्या पातळ्या मागवा.